क्षयाची खूण ज्यांनी शोधली : डॉ. रॉबर्ट कॉख

दरवर्षी २४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. ही तारीख कोणाची जयंती नव्हे की पुण्यतिथी नव्हे. १८८२ साली त्या दिवशी संध्याकाळी बर्लिन शहरातील एका लहानशा दालनात अडतीस वर्षांच्या एका डॉक्टरने एक निबंध वाचला आणि क्षयरोग कशाने होतो हे जगाला प्रथमच निश्चितपणे कळले. त्या डॉक्टरांचे नाव रॉबर्ट कॉख. त्यांची जीवनकथा आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

रोगावर औषध शोधणाऱ्याचे नाव लोकांच्या लवकर ध्यानात राहते. रोगाची खूण शोधणारा मात्र मागे पडतो. कॉख यांनी क्षयाचे औषध शोधले नाही. एकदा ते सापडले असे त्यांना वाटले आणि त्यात ते पार चुकले. परंतु हा रोग शरीरात आहे की नाही, आणि उपचाराने तो हटतो आहे की नाही, हे ओळखण्याच्या दोन खुणा त्यांनी मानवजातीला दिल्या. त्यांपैकी एक तर त्यांच्या त्या चुकीतूनच निघाली. या चरित्रातील हीच गोष्ट आम्हाला विशेष बोधप्रद वाटते.

बालपण व शिक्षण

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील हार्ट्स डोंगरात वसलेल्या क्लाउस्थाल या गावी झाला. गाव खाणींचे आणि वडीलही खाणीवरचेच अधिकारी. तेरा भावंडांत रॉबर्ट तिसरा. शाळेत जाण्यापूर्वीच तो घरात येणाऱ्या वर्तमानपत्रांवरून आपला आपण वाचायला शिकला. रानात हिंडून शेवाळ, किडे आणि दगड गोळा करावेत, त्यांची नीट वर्गवारी लावावी, हा त्याचा छंद. दूरदेशी प्रवासाला जाण्याची ओढही त्याला लहानपणापासून होती.

१८६२ साली तो ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याला याकोब हेन्ले नावाचे गुरू लाभले. संसर्गजन्य रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांमुळे होत असावेत, असे हेन्ले यांनी १८४० सालीच मांडले होते. परंतु ते केवळ अनुमान होते, त्याला पुरावा नव्हता. तो पुरावा आपला हा विद्यार्थी पुढे आणील, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

१८६६ साली कॉख डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी एमी फ्राट्स हिच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सुरू झाला, एक मुलगी झाली आणि समुद्रपार जाण्याचे मनसुबे बाजूला पडले. १८७० च्या युद्धात काही काळ लष्करी सेवा करून ते १८७२ साली व्योल्श्टाइन या लहान गावी सरकारी डॉक्टर म्हणून आले. हे गाव आता पोलंडमध्ये आहे.

खेड्यातील प्रयोगशाळा

गाव आडवळणी. जवळ विद्यापीठ नाही, ग्रंथालय नाही, सल्ला द्यायला कोणी सहकारी नाही. रोगी तपासण्याच्या खोलीतच थोडी जागा आडोसा करून घेऊन कॉख आपले प्रयोग करीत. त्यांचे सूक्ष्मदर्शक यंत्र पत्नीने त्यांना भेट दिले, असे सांगतात.

त्या भागातील गुरेमेंढरे अँथ्रॅक्सने पटापट मरत. आपले शेतकरी या रोगाला फाशी म्हणतात. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीसारखे जंतू दिसतात, हे इतरांनीही पाहिले होते. परंतु ते रोगाचे कारण आहेत की रोगाचा परिणाम, हे कोणी सांगू शकत नव्हते. कॉख यांनी लाकडाची बारीक कपची घेऊन त्या रक्ताचा अंश उंदरांना टोचला. त्यांनी ते जंतू शरीराबाहेर बैलाच्या डोळ्यातील पाण्यात वाढविले, आणि वाढविलेल्या जंतूंनीही उंदीर मरतात हे दाखविले. प्रतिकूल परिस्थितीत हे जंतू बीजरूप धरून मातीत टिकून राहतात, म्हणूनच एखाद्या कुरणात रोग पुन्हापुन्हा उद्भवतो, हेही त्यांनी उलगडले. १८७६ साली ब्रेस्लाऊच्या प्राध्यापक फर्डिनांड कोन यांच्यापुढे त्यांनी हे प्रयोग करून दाखविले. एका खेड्यातील डॉक्टरचे काम पाहून ती विद्वान मंडळी चकित झाली. १८८० साली सरकारने कॉख यांना बर्लिनच्या आरोग्य खात्यात बोलावून घेतले.

तेथे त्यांनी एक मोठी अडचण दूर केली. पातळ द्रवात निरनिराळे जंतू एकमेकांत मिसळून जात. एकाच जातीचे जंतू वेगळे काढता येत नसत. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उमटतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच जातीच्या जंतूंची वसाहत असते, हे कॉख यांच्या ध्यानात आले. मग बटाट्याऐवजी जिलेटिन आले. पण ते उन्हाळ्यात वितळे. यावर उपाय सुचविला त्यांच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने, फॅनी हेस या बाईंनी. जावा बेटात राहून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून त्या मुरंबे व जेली घट्ट करण्यासाठी अगर वापरायला शिकल्या होत्या. आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतो तोच हा पदार्थ. स्वयंपाकघरातील ही युक्ती आजही जगातील प्रयोगशाळांत वापरली जाते.

चोवीस मार्चची संध्याकाळ

त्या काळी क्षय हा युरोपातील सर्वांत मोठा काळ होता. मरणाऱ्या दर सात माणसांपैकी एक क्षयाने मरतो, असे कॉख यांनी आपल्या निबंधात नमूद केले आहे. तरीही रोग ओळखण्याची साधने अपुरी होती. खोकला, बारीक ताप, झिजत जाणारे शरीर, थुंकीत रक्त. ही लक्षणे दिसेपर्यंत रोग फार पुढे गेलेला असे. १८१६ साली फ्रान्समधील लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला, त्यामुळे छातीतील आवाज ऐकू येऊ लागले. पण लेनेक स्वतःच १८२६ साली क्षयाने गेले. हा रोग रक्तातून, घराण्यातून येतो अशीच पुष्कळांची समजूत होती. क्षयी माणसाच्या शरीरातील अंश टोचला असता सशांना क्षय होतो, हे १८६५ साली व्हिलमँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने दाखविले होते. पण त्यात नेमके काय असते हे त्यांना दिसले नव्हते.

ऑगस्ट १८८१ मध्ये कॉख यांनी हे काम हाती घेतले. क्षयाचा जंतू फार बारीक असून त्याच्याभोवती मेणासारखे वेष्टन असते. नेहमीचा रंग त्यावर चढत नाही. कॉख यांनी निळ्या रंगात अल्कली मिसळून काचपट्टी बराच वेळ बुडवून ठेवली आणि नंतर तिच्यावर तपकिरी रंग दिला. आजूबाजूचे सर्व तपकिरी झाले आणि त्यात निळ्या, किंचित वाकलेल्या काड्या तेवढ्या उठून दिसल्या. मग ते जंतू वाढविण्याचा प्रयत्न. इतर जंतू एकदोन दिवसांत वाढतात. हे मात्र आठवडा उलटला तरी दिसेनात. दुसरा कोणी असता तर त्याने नळ्या फेकून दिल्या असत्या. कॉख थांबले. रक्ताच्या गोठविलेल्या सीरमवर दुसऱ्या आठवड्यात कोरड्या खपलीसारखे ठिपके दिसू लागले. ते जंतू गिनिपिगांना टोचताच त्यांना क्षय झाला आणि त्यांच्या शरीरात पुन्हा तेच जंतू सापडले. जंतू शोधावा, तो निराळा वाढवावा, त्याने रोग उत्पन्न होतो हे दाखवावे आणि रोग्याच्या शरीरात तो पुन्हा पकडावा. पुराव्याची ही साखळी एकही कडी न वगळता पुरी झाली.

२४ मार्चला त्यांनी हे सारे सांगितले. ते काही वक्ते नव्हते. संथपणे, अडखळत बोलत. व्याख्यान संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत की कोणी प्रश्न विचारला नाही, असे हजर असलेल्यांनी पुढे सांगितले. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. लोक उठून मुकाट्याने सूक्ष्मदर्शकातून पाहू लागले.

श्रोत्यांत पॉल एर्लिख नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने लगेच रंग देण्याची पद्धत सुधारली. क्षयाच्या जंतूवर एकदा चढलेला रंग तीव्र आम्लानेही निघत नाही. इतर जंतूंचा निघून जातो. त्सील आणि नील्सन या दोघांनी १८८३ पर्यंत ही पद्धत आणखी सोपी केली. आजही सरकारी दवाखान्यात थुंकीच्या काचपट्टीवर लाल काड्या शोधतात त्या याच पद्धतीने. काही वर्षांनी एर्लिख यांनी स्वतःची थुंकी तपासली आणि त्यांना तीत तेच जंतू दिसले. रोग वेळीच कळला. ते इजिप्तच्या कोरड्या हवेत जाऊन राहिले व बरे होऊन परतले.

ही कॉख यांची पहिली खूण. तिचे मोल पाहा. क्षय घराण्याचा शाप नाही, जंतूचा संसर्ग आहे, हे तिने सांगितले. कोणापासून दुसऱ्याला रोग लागण्याचा धोका अधिक आहे, हेही तिने दाखविले. ज्याच्या थुंकीत जंतू दिसतात त्याला जपावे आणि त्याच्या घरच्यांना तपासावे, हा साधा नियम येथूनच निघाला.

मोठी आशा, मोठी निराशा

यानंतर कॉख यांची कीर्ती सर्वत्र पसरली. १८८३ साली पटकीच्या शोधात ते इजिप्तला व तेथून कलकत्त्याला गेले आणि पटकीचा जंतू त्यांनी निश्चित केला. १८८५ साली ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण मनात क्षयच होता.

ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनला जगभरच्या डॉक्टरांची परिषद भरली. क्षयाची वाढ थांबविणारे एक द्रव्य आपणास सापडले आहे, असे कॉख यांनी तेथे जाहीर केले. सरकारचाही त्यांना आग्रह होता, असे चरित्रकार म्हणतात. नोव्हेंबरात माणसांवरील प्रयोगांची हकीकत छापून आली. मात्र द्रव्य कशाचे केले आहे हे त्यांनी गुप्त ठेवले. मग काय विचारता! आगगाड्या भरभरून क्षयी बर्लिनकडे निघाले. खाटेवर पडलेली, रक्त ओकणारी माणसेही आली. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे डॉक्टर आर्थर कॉनन डॉयल हेही पाहायला आले आणि इतक्या घाईने विश्वास ठेवू नये, असा इशारा देणारा लेख त्यांनी लिहिला.

थोड्याच महिन्यांत खरे चित्र दिसू लागले. टोचल्यावर रोग्यांना सडकून ताप भरे, काहींचा रोग उलट बळावला, काही दगावले. थोर शरीरशास्त्रज्ञ फिर्खो यांनी मृतांची तपासणी करून, रोग शरीरात नव्या ठिकाणी पसरलेला दिसतो, असे सांगितले. जानेवारी १८९१ मध्ये कॉख यांनी द्रव्याची घटना उघड केली. क्षयाच्या जंतूंचा ग्लिसरीनमध्ये काढलेला तो अर्क होता. त्यालाच पुढे ट्युबरक्युलिन म्हणू लागले.

आम्ही हा भाग गाळू शकलो असतो. थोर माणसांच्या चरित्रात असे भाग गाळण्याचा मोह होतो. पण मुलांना थोरांची गोष्ट सांगताना ही बाजूही सांगावी, असे आमच्या शब्बाथ शाळांच्या शिक्षकांना आमचे सांगणे आहे. ज्या माणसाने क्षयाचे कारण सिद्ध करताना पुराव्याची एकही कडी सुटू दिली नाही, त्यानेच औषधाच्या बाबतीत पुरावा पुरा होण्याआधी तोंड उघडले. आणि या घाईची किंमत दुसऱ्याच गरीब जिवांनी मोजली.

चुकीतून निघालेली खूण

परंतु त्या अर्काबद्दल कॉख यांनी एक गोष्ट अगदी बरोबर टिपली होती. निरोगी माणसाला जेवढ्या मात्रेने काही होत नाही, तेवढ्याने क्षयी माणसाला ताप येतो. म्हणून रोग ओळखण्याच्या कामी याचा उपयोग होईल, असे त्यांनी १८९० सालीच लिहून ठेवले होते. औषधाच्या गाजावाजात त्याकडे लोकांचे फारसे लक्ष गेले नाही.

असे का होते? क्षयाचा जंतू एकदा शरीरात शिरला की शरीरातील रक्षक पेशी त्याची ओळख ठेवतात. पुढे त्याच जंतूचा अंश कातडीखाली टोचला की त्या पेशी तेथे धावून जातात आणि दोनतीन दिवसांत ती जागा घट्ट होऊन फुगते. ज्याच्या शरीरात जंतू कधी गेलाच नाही त्याला काही होत नाही. म्हणजे हा अर्क औषध नव्हता, पण शरीराची स्मृती वाचण्याचे ते एक साधन होते. कॉख यांनी ते द्रव्य प्रथम स्वतःच्या दंडावर टोचून घेतले होते आणि त्यांना थंडी वाजून चांगलाच ताप भरला होता. तो जुन्या संसर्गाचाच परिणाम असावा, असे पुढील काळातील काही जाणकारांना वाटते.

प्रथम गुरांच्या डॉक्टरांनी हे साधन उचलले. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी याच अर्काने गोठ्यातील रोगी गाई ओळखून त्या निरोगी गाईंपासून वेगळ्या काढल्या. येथेही कॉख एकदा चुकले. गाईंच्या क्षयाची माणसाला फारशी भीती नाही, असे त्यांनी १९०१ साली लंडनच्या परिषदेत सांगितले. पण पुढील चौकशीत दुधावाटे तो मुलांना होतो हे सिद्ध झाले. १९०७ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फोन पिर्के यांनी तो अर्क ओरखड्यावर लावून मुलांतील संसर्ग ओळखला. १९०८ साली फ्रान्सचे शार्ल माँटू यांनी तो मोजून कातडीत टोचण्याची रीत बसविली. आपल्या मुलांच्या हातावर डॉक्टर जी माँटू टेस्ट करतात, ती हीच.

अखेरची वर्षे

कॉख यांच्या घरातही वादळे झाली. पहिला विवाह मोडला आणि १८९३ साली त्यांनी हेडविग फ्रायबर्ग हिच्याशी दुसरा विवाह केला. बर्लिनला त्यांच्यासाठी १८९१ साली स्वतंत्र संशोधन संस्था निघाली होती. दूरदेशी जाण्याची बालपणीची इच्छा आता पुरी झाली. गुरांच्या बुळकांड्या रोगासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथून १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी आपल्या मुंबईस आले. १९०५ साली क्षयावरील कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ७ एप्रिल १९१० रोजी त्यांनी बर्लिनच्या अकादमीत शेवटचे व्याख्यान दिले. विषय अर्थातच क्षय. दोनच दिवसांनी हृदयविकाराचा झटका आला आणि २७ मे रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अस्थी बर्लिनच्या त्याच संस्थेत ठेवल्या आहेत.

त्यांच्या खुणा आज काय सांगतात

क्षयावर खरी औषधे कॉख यांच्यामागे तीस वर्षांहून अधिक काळाने आली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले आणि आयसोनियाझिड १९५२ साली वापरात आले. तोवर विसावा, स्वच्छ हवा आणि सकस अन्न हाच उपाय होता. आमच्या पुष्कळ वाचकांना मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम ठाऊक असेल. हैद्राबादकडील वाचकांना निरनिराळ्या मिशनांनी मिळून १९१५ साली सुरू केलेले मदनपल्लीजवळचे आरोग्यवरम् ऐकून माहीत असेल. औषधे आल्यावर प्रश्न पडला, की रोग्याला महिनोन्महिने घरापासून दूर ठेवणे जरूर आहे काय? १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासाने याचे उत्तर दिले. काही रोगी आरोग्यधामात ठेवले, काही आपल्या गरीब घरातच, आणि दोघांची थुंकी वेळोवेळी तपासली. घरी राहून औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे घरच्यांना अधिक लागण झाली नाही. १९५९ साली हा निष्कर्ष जाहीर झाला आणि जगाची रीत बदलली. हा निर्णय कशाने लागला? कॉख यांच्या पहिल्या खुणेने.

प्रत्येक खुणेला मर्यादा असते, हेही ध्यानात ठेवावे. काचपट्टीवर जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत ते पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. म्हणून एकदा जंतू दिसले नाहीत एवढ्यावरून क्षय नाहीच, असे म्हणता येत नाही. जंतू वाढवून पाहिल्यास ते थोडे असले तरी सापडतात, पण त्याला आठवडे लागतात. माँटू टेस्ट संसर्ग सांगते, रोग नव्हे. पुष्कळांच्या शरीरात जंतू जन्मभर निजून राहतो आणि त्यांना काहीच होत नाही. बीसीजीची लस घेतलेल्यालाही कधीकधी हातावर फुगवटा येतो. ही अडचण टाळण्यासाठी, बीसीजीत नसलेल्या प्रथिनांना रक्तपेशी कशी दाद देतात हे पाहणारी रक्ततपासणी निघाली आहे. सीबीनॅट या यंत्राची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली केली. ते जंतूचा आनुवंशिक अंश हुडकून सुमारे दोन तासांत निदान करते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगते. पण मेलेल्या जंतूचा अंशही त्याला सापडतो. म्हणून उपचाराने गुण येतो आहे की नाही, हे पाहायला अजून जुनी काचपट्टी आणि जंतूंची वाढ यांवरच भर द्यावा लागतो.

येथे आमच्या वाचकांना एक कळकळीची सूचना. नेहमीचा क्षय बरा व्हायला साधारण सहा महिने औषध घ्यावे लागते. पण दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, अंगावर मांस चढते आणि माणूस म्हणतो, आता बरा झालो. बरे वाटणे निराळे आणि बरे होणे निराळे. अशा वेळी औषध सोडले तर उरलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात, आणि कधीकधी त्यांच्यावर तेच औषध मग चालत नाही. बरे वाटले म्हणून थांबू नये. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि ते थांबा म्हणतील तेव्हाच थांबावे.

तसेच, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घेण्यास लाजू नये. हा रोग घराण्याचा कलंक नव्हे, हे १८८२ सालीच सिद्ध झाले; तरी स्थळ मोडेल, शेजारी दूर होतील, या भीतीने तो अजून झाकला जातो. झाकलेला क्षय प्रथम घरातल्या लेकरांना शिवतो. आपल्या मंडळीत कोणी असा आजारी असेल तर त्याच्या घरी जावे, त्याला तपासणीस सोबत करावी, आणि औषधाचे महिने पुरे होईपर्यंत त्याची विचारपूस सोडू नये. कॉख यांनी खूण दाखवून ठेवली आहे. ती पाहायला दवाखान्यापर्यंत जाणे मात्र आपल्यालाच भाग आहे.